रस्ता उत्तम, किल्ल्यांना वेळ अपुरा: लातूर ते तेर सायकल सहल

मराठवाड्यातली ऐतिहासिक सहल म्हटली की वेरूळ, अजिंठा आणि देवगिरी यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही, आणि गेलेच तर तुळजापूरचे दर्शन घेऊन दिवस मावळायच्या आत परत फिरते. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतून बालाघाटाची रांग जाते. तिच्या आसपास बहमनी आणि आदिलशाही काळातली भुईकोट ठाणी आहेत, त्याहून जुनी गावे आहेत आणि त्यांना जोडणारे, फारशी वर्दळ नसलेले जिल्हा मार्ग आहेत. पण हा सगळा मुलूख मोटारीच्या काचेतून एकसारखा, सपाट आणि कोरडा दिसतो. तो सपाट नाही, हे सायकलवर बसल्यानंतर तासाभरात पोटऱ्यांना कळते. लातूरमधल्या काही सायकलस्वारांनी मिळून हिवाळ्यापुरती सुरू केलेली औसा, खरोसा, नळदुर्ग, तुळजापूर आणि धाराशिव या मार्गाने तेरपर्यंत जाणारी सहल मी यंदा केली. आयोजकांचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण सेवा लहान आहे, माणसे अजून शिकत आहेत, आणि पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्या अशा प्रकारच्या बहुतेक सहलींना कमीअधिक लागू पडतील.

शुल्कात भाड्याची सायकल, हेल्मेट, मुक्काम, नाश्ता, दोन वेळचे जेवण, सामान वाहणारा टेम्पो, एक मेकॅनिक आणि एक मार्गदर्शक एवढे येते. किल्ल्यांचे प्रवेश शुल्क आणि वाटेतला चहा ज्याचा त्याने पाहायचा. स्वतःची सायकल आणणाऱ्याला बरीच सवलत मिळते. त्याच भागातल्या बसच्या सहलीपेक्षा हा दर जवळजवळ दुप्पट आहे, आणि सुरुवातीला तो मला चढा वाटला होता. परंतु गट मुद्दाम लहान ठेवला जातो आणि शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे टेम्पो सावकाश चालत राहतो, हे पाहिल्यावर त्याबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही. टेम्पो चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणत होते, ते या सेवेतले सर्वांत भरवशाचे माणूस होते. कोणाचे पाणी संपले आहे, कोण चढावर मागे पडत आहे आणि कोणाला थांबायचे असूनही सांगायला संकोच वाटत आहे, हे त्यांना न सांगता कळत असे.

सायकली गिअरच्या आहेत आणि दोन प्रकारच्या आहेत. जाड टायरची, पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली डोंगरी सायकल दिसायला रुबाबदार असली तरी या मार्गावर ती घेऊ नये, कारण बहुतेक रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा आहे आणि तिचे वजन दिवसभर विनाकारण ओढावे लागते. मध्यम रुंदीच्या टायरची हायब्रिड सायकल येथे योग्य आहे. ती चांगली ठेवलेली होती, चेनला तेल होते, ब्रेक नीट लागत होते आणि गिअर चढावर ऐन वेळी दगा देत नव्हते. अडचण मापाची आहे. लहान चणीच्या माणसाला बसेल अशी फ्रेम त्यांच्याकडे मोजकीच आहे, आणि आमच्या गटातल्या दोघींना सीट अगदी खाली उतरवूनही पाय टेकवताना कसरत करावी लागत होती. नोंदणीच्या वेळी उंची विचारली जाते, पण तिचा उपयोग सायकल निवडण्यासाठी झाल्याचे दिसले नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी लातुरात सायकल हातात मिळते, तेव्हाच एक फेरी मारून सीट, हँडल आणि ब्रेक यांची तक्रार करून घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे कोणालाच सवड नसते.

पंक्चरविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांना याची कल्पना नसते. या भागात रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे यांचे राज्य आहे. सुगी संपून सराट्याचे वेल वाळले की त्याचे टणक, चहूबाजूंनी टोकदार फळ मुरमाच्या साईडपट्टीवर पसरते, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी सायकल खाली उतरवली की दोन्ही चाके एकाच वेळी बसतात. आयोजकांनी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जाड पट्टी घातलेली आहे, त्यामुळे भाड्याच्या सायकली फारशा बसल्या नाहीत. स्वतःच्या हलक्या सायकली आणलेल्यांचे मात्र हाल झाले. मेकॅनिक तरुण होता आणि हाताला जलद होता. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेले टोक शोधण्याची त्याची सवय पाहून मला त्याच्याविषयी विश्वास वाटला, कारण शहरातले दुकानदारही ही काळजी घेत नाहीत आणि मग तोच काटा नव्या ट्यूबला भोक पाडतो.

लातूर ते औसा हे अंतर सुमारे २० किलोमीटरचे आहे आणि ते सहलीतले सर्वांत कंटाळवाणे अंतर आहे. रस्ता रुंद आहे, वाहने वेगात आहेत आणि हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, गाणी वाजवत डुलत जाणारे ट्रॅक्टर सतत भेटतात. त्यांच्या मागे लाल दिवा असेलच असे नाही, म्हणून अंधारात निघण्याचा आयोजकांचा आग्रह मला पटला नाही. उजाडल्यावर निघाले असते तरी काही बिघडले नसते.

औसा मात्र सायकलवरूनच पाहावे. येथला भुईकोट किल्ला भोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट जागी बांधलेला आहे, त्यामुळे तो लांबून दिसतच नाही. मोटारीने आलेल्याला हे वाक्य वाचून माहीत होते. सायकलस्वार पेडल न मारता त्या लवणात उतरत जातो आणि तटबंदी अचानक समोर उभी राहते, तेव्हा चालून येणाऱ्या फौजेला या किल्ल्याने कसे चकवले असेल हे उताराच्या वेगातूनच समजते. किल्ल्याला दुहेरी तट आणि खंदक आहे, आत विहिरी आहेत आणि बुरुजांवर तोफा आहेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहमनी वजीर महमूद गवान याच्याशी या बांधकामाचा संबंध जोडला जातो, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानेही हे ठाणे घेतले होते. बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला गेल्यानंतर औसा, उदगीर, कंधार, नळदुर्ग आणि परांडा या ठाण्यांना महत्त्व का आले असेल, हे नकाशा उघडला की लगेच लक्षात येते. आणि ही गोष्ट आम्हांला मार्गदर्शकाने सांगितली नाही, ती तेथे भेटलेल्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितली. आयोजकांनी त्यांना औशापुरते बोलावले होते. अर्ध्या तासात त्यांनी जेवढे दाखवले तेवढे पुढच्या कोणत्याही ठिकाणी पाहायला मिळाले नाही, आणि ते रंगात आलेले असतानाच शिट्टी वाजली, कारण ऊन चढण्यापूर्वी खरोसा गाठायचे होते.

या सहलीची मुख्य खोट इथेच दिसू लागते. वेळापत्रक सायकलस्वाराने आखलेले आहे. किती वाजता कोठे पोहोचायचे, कोणत्या चढावर किती विसावा घ्यायचा, पाणी कोठे भरायचे, हे सगळे काटेकोर आहे. पण किल्ला, लेणे किंवा मंदिर यांच्या वाट्याला दोन टप्प्यांच्या मधला उरलेला वेळ येतो. ज्याला अंतर कापण्यातच आनंद आहे त्याला हे चालेल. मात्र जाहिरातीत ‘मध्ययुगीन नगरांची सायकल यात्रा’ असे ठळक अक्षरांत छापलेले असताना औशाचा किल्ला जेमतेम तासभर दाखवणे मला पटले नाही.

खरोसा येथे हा प्रश्न तितका जाणवला नाही, कारण मुक्काम लेण्यांच्या जवळच एका शेतातल्या घरी होता आणि संध्याकाळ मोकळी मिळाली. औसा-निलंगा रस्त्याच्या अंगाला असलेली ही टेकडी जांभ्या दगडाची आहे. काळ्या पाषाणात कोरलेली लेणी पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हा तांबूस, भोकाभोकांचा दगड विचित्र वाटतो, आणि तो मऊ असल्यामुळे शिल्पांची झीजही फार झालेली आहे. तरीही कैलास हलवणारा रावण ओळखू येतो आणि शिवलिंगे, खांब, मंडप यांची मांडणी नीट वाचता येते. मावळतीच्या उन्हात टेकडीवर बसून भोवतालचे शिवार पाहिले की तुरीची पिवळट शेते, हरभऱ्याच्या हिरव्या चौकटी, मधूनच काळी नांगरट आणि त्यांतून वर-खाली होत जाणारी पांदण असे दृश्य दिसते. सहलीच्या छापील पत्रकात या दृश्याचा उल्लेखच नाही, ही गंमत आहे.

जेवणाचे श्रेय आयोजकांना मोकळेपणाने द्यायला हवे. रात्री ज्वारीची गरम भाकरी, येसर आमटी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. सकाळी धपाटे आणि दही, किंवा चुरमुऱ्यांचा सुशीला. निलंग्याच्या बाजूला आलो म्हणून एका नाश्त्याला मुद्दाम निलंगा राईस मागवलेला. उगाच पनीर किंवा नूडल्स यांच्या मागे लागलेले नव्हते. दिवसभर सायकल चालवणाऱ्याला पोटभर पण जड न होणारे अन्न लागते आणि भाकरी-आमटी हे काम चोख करते. फक्त वाटेतल्या खाण्यात केळी आणि बिस्किटे यांच्याबरोबर शेंगदाणा-गूळ ठेवला असता तर दुपारचा शीण कमी झाला असता. तो भुईमुगाच्या या मुलखात सहज मिळतो.

दुसऱ्या दिवशी लामजना पाटीवरून किल्लारीकडे वळले की रस्ता एकदम शांत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने ज्या गावांचे नाव जगभर गेले ती ही गावे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी इथली घरांची पद्धत होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळले. नवी वसलेली गावे सरळ, रुंद रस्त्यांची आणि आखीव प्लॉटांची आहेत, आणि त्यांतून सायकल चालवताना औशाच्या बोळांची, वाड्यांच्या दारांची आठवण येऊन दोन्हींतला फरक डोळ्यांत भरतो. या ठिकाणी मार्गदर्शकाने भाषण केले नाही, छायाचित्रांसाठी कोणाला थांबवले नाही, आणि जुन्या गावाच्या जागी ज्यांना उतरायचे होते त्यांना उतरू दिले. हा विवेक उल्लेखनीय आहे.

माकणीजवळ तेरणा ओलांडून लोहाऱ्याच्या दिशेने जाताना खऱ्या अर्थाने चढउतार सुरू होतात. एकही चढ घाटासारखा अंगावर येत नाही, पण एक टेकाड चढून उतरले की ओढा, ओढ्यावर फरशी पूल, आणि पुन्हा पुढचे टेकाड, हा क्रम थांबत नाही. या पट्ट्यात कोठेतरी आपण पाणलोट बदलतो: मागे राहिलेली तेरणा मांजरेला मिळून तिचे पाणी गोदावरीत जाते, आणि पुढे नळदुर्गाला भेटणारी बोरी भीमेला मिळून तिचे पाणी कृष्णेत जाते. एवढ्या मोठ्या दोन खोऱ्यांच्या मधली सीमा एखाद्या साध्या माळावर, बोरीबाभळींच्या मधून जाते आणि तिथे पाटीसुद्धा नाही. आयोजकांनी तिथे नुसते पाच मिनिटे थांबून हे सांगितले असते तरी त्या दिवसाच्या दमण्याला अर्थ आला असता. लोहाऱ्याच्या अलीकडे एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो तेव्हा ओट्यावरच्या आजोबांनी आम्हांला नीट न्याहाळून विचारले, “सायकलीवर कशापाई हिंडायलाव? गाडी न्हाई का?” आमच्यातल्या पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी तब्येतीचे फायदे सांगायला सुरुवात केली. आजोबांनी ते सगळे ऐकून घेतले आणि शेवटी मामांना बाजूला घेऊन टेम्पोत किती जण बसतात, याची चौकशी केली.

नळदुर्ग हे या सहलीचे मर्मस्थान आहे आणि तिथेच सेवा सर्वांत कमी पडते. बोरी नदीच्या वळणावर उभा असलेला हा किल्ला पाहायला अर्धा दिवस पुरत नाही. जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, त्यात कमळाच्या पाकळ्यांसारख्या कंगोऱ्यांचा नवबुरूज, उंच उपळ्या बुरूज आणि त्यावरच्या लांब तोफा, नदीपलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला, आणि या दोन्ही किल्ल्यांना जोडणारे धरण. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, हे धरण बांधून त्याच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल रचण्यात आला. आत बसलेल्याच्या डोक्यावरून नदी वाहते आणि महालात थेंबही येत नाही, अशी ही रचना आहे. मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार यावा, अशा अर्थाचा फारसी लेख तेथे कोरलेला आहे. ज्या लातुरातून आम्ही निघालो होतो त्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या शहरातून सायकल चालवत या धरणावर येऊन उभे राहणे हा अनुभव एरवी कोणत्याही बससहलीत असा जुळून येणार नाही.

तक्रार जाहिरातीविषयी आहे. सेवेच्या पत्रकावर नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून फेसाळत कोसळणाऱ्या पाण्याचे मोठे छायाचित्र आहे. ते पाणी पावसाळ्यात, आणि तेही पाऊस चांगला झालेल्या वर्षी, धरण भरून वाहू लागल्यावरच दिसते. ही सहल हिवाळ्यात चालते; त्या वेळी सांडवे कोरडे असतात आणि शांत जलाशय तेवढा दिसतो. आमच्यातल्या दोघांनी केवळ त्या छायाचित्रावर भाळून नोंदणी केली होती आणि त्यांची निराशा उघड दिसत होती. कोरड्या दिवसांत पाणीमहालाचे बांधकाम उलट अधिक निवांत पाहता येते, हे पत्रकात प्रामाणिकपणे लिहिले असते तर कोणाची फसगत झाली नसती.

मार्गदर्शकाविषयीही इथेच बोलायला हवे. तो उमदा, हसतमुख आणि रस्त्याचा पक्का जाणकार आहे. कोणत्या फाट्यावर कुत्री मागे लागतात, कोणत्या पुलावर खड्डा आहे, वारा दुपारी कोणत्या बाजूने येईल, हे त्याला तोंडपाठ आहे. किल्ल्यात शिरल्यावर मात्र त्याच्याकडे भुयारांच्या गोष्टींखेरीज फारसे काही उरत नाही. नळदुर्गातून सोलापूरपर्यंत भुयार होते, ही कथा त्याने रंगवून सांगितली. प्रत्येक भुईकोटाला असे एखादे भुयार असतेच, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण निजाम आणि इंग्रज यांच्यातल्या १८५३ च्या तहानंतर हा जिल्हा काही वर्षे इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने येथे राहून कारभार पाहिला, याचा उल्लेख झाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरले तेव्हा पहिल्याच दिवशी बोरीवरचा पूल आणि नळदुर्ग ताब्यात आले, हेही तो बोलला नाही. मराठवाड्यातल्या माणसांना मराठवाड्यात फिरवताना ही गोष्ट सुटावी, हे मला खटकले. औशाप्रमाणे येथेही एखाद्या स्थानिक जाणकाराला बोलावण्याचा खर्च फार नाही.

योगायोगाने आम्ही गेलो तेव्हा खंडोबा नळदुर्गाजवळ मैलारपुरात होते. अणदूर आणि नळदुर्ग या दोन ठिकाणी मिळून देवाची मूर्ती एकच आहे. वर्षातले सव्वादहा महिने ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने इथे, आणि पौष पौर्णिमेला यात्रा भरते. मामांनी आपणहून टेम्पो तिकडे वळवून ज्यांना दर्शन घ्यायचे होते त्यांना नेऊन आणले. हे कार्यक्रमात नव्हते. नळदुर्गचा मुक्काम साध्या लॉजमध्ये होता. गरम पाणी मागितल्यावर बादलीने मिळाले, चादरी स्वच्छ होत्या, आणि सायकली रात्री आतल्या पटांगणात कुलपात ठेवल्या गेल्या, हे महत्त्वाचे.

नळदुर्ग ते तुळजापूर हा टप्पा सायकलस्वारांसाठी सर्वांत चांगला आहे. रस्ता हळूहळू बालाघाटाच्या माथ्याकडे चढत जातो, उजाड माळ आणि दऱ्यांचे उतार आलटून पालटून येतात, आणि शेवटचा चढ चढून गेल्यावर गावाची वस्ती दिसू लागते. चढावर आयोजक कोणालाही घाई करत नाहीत आणि ज्याला टेम्पोत बसायचे असेल त्याला कमीपणा वाटू देत नाहीत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी अर्धा चढ चालत आणि अर्धा टेम्पोत पार केला आणि वर पोहोचल्यावर त्यांच्यासाठी चहा तयार होता. तुळजापुरात मात्र नियोजन फसले. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा या दिवशी तेथे किती गर्दी असते हे मराठवाड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि आम्ही नेमके मंगळवारी पोहोचलो. दर्शनाची रांग पाहून अर्ध्या गटाने कळसाला हात जोडले. मंदिराच्या पायऱ्या, कुंडे, महाद्वार यांतले काहीच निवांत पाहता आले नाही. प्रत्येक तुकडीचा निघण्याचा दिवस एकदोन दिवसांनी पुढेमागे केला की हा प्रश्न सुटतो.

तुळजापूर ते धाराशिव या चौपदरी महामार्गाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मालमोटारींचा वारा अंगावर घेत कडेने चालत राहायचे, एवढेच. आतल्या गावांमधून वाट काढता येणे शक्य असताना हा मार्ग का निवडला, असे विचारल्यावर आतला रस्ता खराब असल्याचे उत्तर मिळाले. जाड टायरच्या सायकली आयोजकांकडेच पडून असताना ते पटण्यासारखे नव्हते. धाराशिवजवळची लेणी वेळेअभावी गाळली गेली.

तेर गावी पोहोचल्यावर मागच्या दोन दिवसांचा राग बराच निवळला, कारण तेथे सहलीचा शेवट असल्यामुळे शिट्टी वाजवणारे कोणी नव्हते. प्राचीन काळी तगर नावाने रोमन व्यापाऱ्यांना माहीत असलेले हे नगर तेरणेच्या काठी आहे. विटांनी बांधलेले, गजपृष्ठाकार छताचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे असे अभ्यासक मानतात. त्या विटा जवळून पाहायला मिळतात. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय लहान असले तरी सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती आणि मणी यांसाठी दोन तास राखून ठेवावेत. गावात गोरोबाकाकांची समाधी आहे आणि आमच्या गटातल्या वारकऱ्यांना सगळ्या सहलीत तीच जागा सर्वांत जवळची वाटली. मध्ययुगीन म्हणून निघालेली ही सहल अशा रीतीने तिच्या हजारभर वर्षे आधीच्या नगरात संपते, आणि हा क्रम मला तरी योग्य वाटला.

स्त्रियांच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवायला हवी. मुक्कामाच्या ठिकाणी सोय बरी होती, पण लोहारा ते नळदुर्ग या लांब टप्प्यात स्वच्छतागृहासाठी एकही ठरलेले ठिकाण नव्हते. पेट्रोलपंप किंवा शाळा आधी बोलून ठरवता आली असती. आमच्यातल्या मुलींनी ही अडचण मार्गदर्शकाला सांगताना अवघडलेपण वाटले म्हणून मामांना सांगितली आणि त्यांनी एका ओळखीच्या घरी व्यवस्था केली. एखादी स्त्री कार्यकर्ती बरोबर असती तर हे अवघडलेपण आलेच नसते.

ज्यांना रोज ४० ते ५० किलोमीटर सायकल चालवण्याचा सराव आहे, साधे जेवण आणि साधा मुक्काम चालतो, आणि किल्ल्यांविषयीचे वाचन जे स्वतः करून येतील, त्यांनी ही सहल अवश्य घ्यावी. जानेवारीचा पहिला पंधरवडा हवेच्या दृष्टीने उत्तम. ज्यांना केवळ किल्ले पाहायचे आहेत त्यांनी मोटारीने नळदुर्गला जाऊन दोन दिवस राहावे. नोंदणी करताना तुळजापूरला कोणत्या वारी पोहोचणार आणि आपल्या उंचीची सायकल कोणती मिळणार, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

पुढच्या हिवाळ्यात परांडा जोडण्याचा आयोजकांचा विचार आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ तेथे नेण्यापूर्वी परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि मोगलांनी अहमदनगर घेतल्यानंतर निजामशाहीचा कारभार काही काळ तेथून चालला, तेव्हा ठिकाणाची निवड उत्तमच आहे. मात्र आजच्या वेळापत्रकात परांडा बसवायचा म्हणजे आणखी एक किल्ला तासाभरात उरकणे होईल. आयोजकांनी आधी नळदुर्गला एक पूर्ण दिवस द्यावा, त्यासाठी दर वाढवावा लागला तर वाढवावा, आणि मग परांड्याचा विचार करावा.